सी ड्राइव्ह कुठं गेला?

तुम्ही विचारलंत म्हणून. बीड-परभणीकडं एखाद्या सेवा केंद्रात विंडोज काढून उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, की दुसऱ्या दिवशी हा प्रश्न ठरलेला. सी नाही आणि डीसुद्धा नाही. माळवदाच्या वाड्याला दिंडी दरवाजा एकच. ढेलजेत जा नाहीतर बळदापाशी, वाट तिथूनच. इथं ती दिंडी म्हणजे नुसती तिरकी रेघ, '/', म्हणजेच रूट. पेनड्राइव्ह लावला तरी तो /मीडियाखाली, तुमच्या नावाच्या फोल्डरातच उघडतो.

आतली वाटणी सॉफ्टवेअरच्या नावानं नाही, वस्तूच्या स्वभावानं. प्रोग्रॅम /यूएसआरमध्ये, सेटिंग /ईटीसीमध्ये, लॉग (मशीन आपल्या कामाची जी नोंद ठेवतं ती) /व्हारमध्ये. नवख्याला हा पसारा वाटतो, पण बॅकअपला हाच कामाला येतो: /होम आणि /ईटीसी उचला, /यूएसआर पुन्हा इन्स्टॉल होतं. डेटाबेस असेल तर त्याचा डम्प, म्हणजे सगळ्या माहितीची एक फाईल, वेगळा काढा. /प्रॉक कॉपी करत बसू नका. ते डिस्कवर नसतंच, कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मेमरीतून दाखवतं. आणि लाईटीचा भरवसा नसलेल्या गावात /टीएमपीमध्ये कामाची फाईल ठेवू नका, मशीन परत चालू होताना ते साफ होतं.

खरी डोकेदुखी /व्हार. डिस्क भरून मशीन अडलं की लोक /व्हार/लॉगमधली मोठी फाईल पुसतात, तरी 'डीएफ -एच' (df -h, डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) १०० टक्केच दाखवतं. 'डीयू -एसएच' (du -sh, फोल्डरातल्या फायलींची जागा मोजणारी) म्हणतं, इथं तर काही नाही. दोन्ही खरंच बोलतात. फाईलचं नाव गेलं, पण जी सर्विस (मागं सतत चालणारा प्रोग्रॅम) ती उघडून बसलीय तिनं सोडल्याशिवाय जागा सुटत नाही. 'सुडो एलएसओएफ +एल१' (sudo lsof +L1; सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं) दिलं की कोण धरून बसलंय ते दिसतं; ती सर्विस रीस्टार्ट करा. पुढच्या वेळी पुसू नका, 'सुडो ट्रंकेट -एस ०' (sudo truncate -s 0) देऊन पुढं फाईलचं नाव टाका, ती जागीच रिकामी होते. सिस्टिमडीचे (सर्विस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमचे) लॉग फुगले असतील तर 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साईझ=२००एम' (sudo journalctl --vacuum-size=200M). (सगळं टाईप इंग्रजीतच, आणि लिनक्सला लहान-मोठं अक्षर वेगळं.)

एपीटी म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजं आणून बसवणारा प्रोग्रॅम. 'सुडो एपीटी क्लीन'नंही (sudo apt clean) थोडी जागा सुटते, डाउनलोड झालेली पॅकेजं तेवढी जातात. /व्हार/लिबला मात्र हात लावू नका. तिथल्या डीपीकेजी फोल्डरात बसवलेल्या पॅकेजांची नोंद असते. ती गेली की मशीनवर काय बसवलंय हे एपीटीलाच कळत नाही.