पाण्यात उभी आहे, जमिनीवर नाही

पेणला गेले की काका हमखास विचारतात. सिएटलची मराठी मंडळी विचारतात. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ट्राउट माशाचा फोटो टाकला की मावशी तर विचारतेच: "अगं, तिकडे म्हणे कुणाच्या अंगणात पाय टाकला तरी बंदूक काढतात. मग तू दर रविवारी कुणाच्या नदीत जाऊन उभी असतेस? परवानगी कोण देतं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. परवानगी कुणी देत नाही, कारण ती मागायचीच नसते. मी अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात, बोझमनला आठ वर्षं राहते. इथे सलग 180 दिवस काढले की रहिवाशांच्या दरात मासेमारीचा परवाना मिळतो. तो खिशात ठेवायचा, छातीपर्यंत येणारी ती रबरी विजार चढवायची आणि उतरायचं पाण्यात. माझ्या नावावर इथे गुंठाभरही जमीन नाही. पण काठावरच्या हजारो एकरांचा मालक ज्या हक्काने मॅडिसन नदीत उभा राहतो, त्याच हक्काने मीही राहते.

हे आपोआप झालेलं नाही. डिअरबॉर्न आणि बीव्हरहेड या दोन नद्यांच्या काठच्या मालकांनी लोकांना हटकायला सुरुवात केली, तेव्हा मासे धरणारे आणि होड्या चालवणारे साधे लोक एकत्र येऊन कोर्टात गेले. 1984 मध्ये मॉन्टानाच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही खटल्यांत त्यांच्या बाजूने निकाल दिला: नदीचा तळ कुणाच्या सातबाऱ्यावर आहे याच्याशी कर्तव्य नाही, पाणी लोकांचं आहे. (सातबारा हा शब्द अर्थात माझा.) पुढच्याच वर्षी, 1985 मध्ये, विधिमंडळाने तसा कायदा केला. नदीत, पाण्याच्या नेहमीच्या वरच्या खुणेपर्यंत, कुणीही चालू शकतं. काठ खासगी असला तरीही.

ही 'वरची खूण' म्हणजे काय, ते काकांना फोनवर समजावताना माझी दमछाक झाली होती. पुराची खूण नव्हे. शंभर वर्षांत एकदा पाणी घरापर्यंत आलं म्हणून घरापर्यंत चालत जाता येत नाही. मे-जूनमध्ये डोंगरावरचं बर्फ वितळून नदी फुगते, तेव्हा ती दरवर्षी जिथपर्यंत पोचते तिथे जमिनीवरचं गवत टिकत नाही. ऑगस्टमध्ये पाणी उतरलं की पांढरट गोट्यांचा पट्टा उघडा पडतो, मध्येच अडकलेली काटकी-कुटकी आणि वर एकदम हिरवी कड. त्या हिरव्या कडेच्या अलीकडे मी, पलीकडे मालक. शेवटी काकांना म्हटलं, रोजची भरती कुठवर येते ते आपल्याला चिखल बघून कळतं ना? तसंच. उधाण धरायचं नाही. "मग सरळ भरतीची रेघ म्हण की," ते म्हणाले.

पण रेघ कळून उपयोग काय, नदीपर्यंत पोचायचं कुठून? कायद्याने पाणी दिलं, वाट दिली नाही. मधलं शेत कुणाचं तरी असेल तर ते विचारल्याशिवाय ओलांडायचं नाही. म्हणून इथले सगळे मासेमार पुलांची नावं पाठ करतात. रस्ता सरकारी, पूलही सरकारी, त्यामुळे पुलाच्या बाजूने खाली उतरलं की थेट पाण्यात. अर्थात मालकांनाही हे कळतं. त्यांनी पुलाच्या कठड्याला तारेची कुंपणं बांधली. त्यावरून इतकी वर्षं भांडणं चालली की शेवटी 2009 मध्ये वेगळा कायदा करावा लागला: गुरं अडवायला कुंपण पुलाला बांधा हवं तर, पण माणसाला जायला फट ठेवा. अशा कितीतरी फटींतून मी आडवी होऊन गेले आहे. सॅकवरची जाळी हमखास अडकते.

खांबांवर केशरी रंग फासलेला दिसला की त्याचा अर्थ 'आत येऊ नये'. पाटी नसली तरी तो रंग कायद्याने पाटीच धरला जातो. आमच्याकडे दगडाला शेंदूर फासला की हात जोडतात, इथे खांबाला फासला की मागे फिरतात. शिकारीला तर केशरी रंग असो-नसो, खासगी जमिनीवर आधी विचारावंच लागतं.

आता माझी एक चूक. दुसऱ्या वर्षीची गोष्ट. पुलावरून उतरून मैलभर वर गेले होते. एक गृहस्थ चारचाकी बाइकवरून काठावर आले आणि म्हणाले, ही खासगी जागा आहे. मी गोट्यांवर उभी होते. शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "हो, पण मी पाण्यात आहे, जमिनीवर नाही." त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, वरच्या गवताकडे पाहिलं, मान हलवली आणि गेले. मला काय गुदगुल्या झाल्या! कायदा पाठ असल्याचा माज असतो तसा. तासाभराने विजा कडाडायला लागल्या. हातात नऊ फुटांची दांडी, भोवती पाणी. घाबरून काठ चढले आणि त्यांच्याच गवताच्या शेतातून पळत पुलापाशी आले. वाटेतलं तारेचं फाटक उघडलं, ते लावायचं राहिलं. रात्री लक्षात आलं. सकाळी त्यांच्या दारात गेले तेव्हा ते नुकतेच रस्त्यावरून गाई हाकून आणून दमले होते. वीज होती म्हटल्यावर म्हणाले, "विजेसाठी आलीस ते ठीक. फाटक जसं असेल तसं ठेवायचं असतं." बंदूक वगैरे काही नाही. त्या दिवसापासून मी फाटकं दोनदा तपासते, स्वतःच्या घराचंसुद्धा.

हे सगळं मॉन्टानापुरतं, बरं का. शेजारच्या वायोमिंगमध्ये नदी तीच, पाणी तेच, पण तळ मालकाचा. होडीतून तरंगत जा, कुणी अडवणार नाही. होडीतून उतरून तळाला पाय टेकवलात की अतिक्रमण.

आणि वायोमिंगचा विषय निघालाच आहे तर तो शिडीचा किस्सा सांगायलाच हवा. मी स्वतः शिकार करत नाही (एकदा सहकाऱ्याबरोबर एल्कच्या, म्हणजे इकडच्या मोठ्या हरणाच्या, मागे चार दिवस हिंडले, थंडीशिवाय काही हाती लागलं नाही), पण हा किस्सा इकडे चहाच्या टपऱ्या असत्या तर तिथे रंगला असता. 1860 च्या दशकात रेल्वे टाकण्यासाठी अमेरिकी सरकारने कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीन दिली, पण सलग नाही. 640 एकरांचा एक चौकोन रेल्वेला, शेजारचा सरकारला, पुन्हा एक रेल्वेला. बुद्धिबळाचा पटच. रेल्वेचे चौकोन पुढे विकले गेले, खासगी झाले. आता सरकारी चौकोनातून पुढच्या सरकारी चौकोनात जायचं तर उंटासारखं तिरकं, कोपऱ्यातून कोपऱ्यात जावं लागतं. दोन सरकारी कोपरे फक्त एका बिंदूत भेटतात, आणि बिंदूवरून जाताना खांदा कुणाच्या तरी खासगी हवेत जातोच.

2021 मध्ये मिसूरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी एल्क माउंटन भागात अशा कोपऱ्यावर चक्क दुहेरी लोखंडी शिडी ठेवली आणि वरून पलीकडे गेले. खासगी मातीला बूट लावला नाही. जमिनीच्या मालकाने दिवाणी खटला भरला आणि नुकसान सांगितलं सत्तर लाख डॉलरहून जास्त, कशाचं तर मालमत्तेची किंमत घटल्याचं. म्हणजे सरकारी चौकोनांत दुसरं कुणी जाऊ शकत नाही, याचीच ती किंमत होती! अतिक्रमणाच्या वेगळ्या फौजदारी खटल्यात 2022 मध्ये ज्युरीने चौघांना निर्दोष सोडलं. दिवाणी खटला मार्च 2025 मध्ये केंद्रीय अपील न्यायालयातही शिकाऱ्यांच्या बाजूने लागला, तोही 1885 च्या एका जुन्या कायद्याच्या आधारे. तो कायदा मुळात गुरांच्या बड्या मालकांनी सरकारी कुरणं कुंपणात घेऊ नयेत म्हणून केलेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला, म्हणजे निकाल कायम. पण मॉन्टाना त्या अपील न्यायालयाच्या हद्दीत येत नाही. नदीच्या बाबतीत आम्ही उदार, कोपऱ्याच्या बाबतीत वायोमिंग पुढे.

एक गोष्ट फोटोखाली लिहिता येत नाही, ती इथे लिहिते. 'नदी लोकांची' म्हणताना कुठले लोक, हा प्रश्न बिगहॉर्न नदीवर गेलं की टोचतो. ही नदी क्रो या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या राखीव प्रदेशातून वाहते. त्यांनी 1970 च्या दशकात बाहेरच्यांना तिथे मासे धरायला बंदी केली. 1981 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की नदीचा तळ क्रोंचा नाही, मॉन्टाना राज्याचा आहे. म्हणून आज माझ्यासारखी पेणची बाई राज्याचा परवाना दाखवून तिथे गळ टाकू शकते. मी तिथे दोनदा गेले. ट्राउट उत्तम आहेत. तिसऱ्यांदा गेलेले नाही, का ते मलाही नीट सांगता येत नाही.

काकांचा खरा प्रश्न वेगळाच आहे, असं मला वाटतं. लहानपणी पहिला जोराचा पाऊस झाला की वलगणीचे मासे चढायचे. खाडीकडून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात. रात्री बत्ती, घमेलं आणि पाग घेऊन अर्धा गाव शेतांत. कुणाचं शेत, हे मनातही यायचं नाही. बांध फोडलास तर मात्र सकाळी आई-बापाचा उद्धार. (अंड्यांनी भरलेले मासे असे धरू नयेत, हे मला आता कळतं. तेव्हा गाभोळीच्या तुकड्यावरून आम्ही भावंडं मारामाऱ्या करायचो.) आता ओढ्याच्या दोन्ही बाजूंना फार्महाऊसं झाली. मागच्या जूनमध्ये काका मला घेऊन गेले. ओढा तोच, फुगलेला, गढूळ. मध्ये आठ फुटी भिंत आणि निळं फाटक, आतून कुलूप. पलीकडे पाण्याचा आवाज येत होता. वॉचमन बिहारचा, भला माणूस. म्हणाला, साहेब मुंबईला आहेत, शनिवारी या. काका पाग खांद्यावर घेऊन तसेच थोडा वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "तुमच्याकडे पूल आहेत तसा इथे पूल कुठे आहे सांग."

मी वर-खाली आठवून पाहिलं. दीड किलोमीटर खाली एक मोरी आहे, बैलगाडीच्या वेळची. आम्ही तिथे गेलो. काका बाजूच्या दगडांवरून हळूहळू उतरले, गुडघाभर पाण्यात गेले आणि पहिल्याच फेकीला पागात प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणि एक मुठीएवढा शिवडा मासा आला.

शिवडा त्यांनी सोडून दिला. माझ्या मॉन्टानाच्या फोटोंखाली "सोडायचाच तर धरतेस कशाला" असं विचारणारे हेच काका.