शनवारचा स्वस्त फोन

विट्याच्या एका एसटीडी बूथवाल्याचा, म्हणजे पैसे घेऊन बाहेरगावी फोन लावून देणाऱ्याचा, निरोप होता: टेलिफोन एक्स्चेंजमधून रीडिंग काढून आणलं, तर ते बूथवरच्या बिलाच्या मशीनच्या बेरजेपेक्षा बरंच जास्त निघालं. फरक त्याच्या खिशातून जाणार होता. मी तेव्हा बूथची मशीनं दुरुस्त करायचो. गेलो तो दिवस रविवार, 24 मार्च 1996.

विटा, खानापूर, आटपाडी हा गलाईवाल्यांचा टापू. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी इथली माणसं कानपूर, अमृतसर, कोलकात्यापर्यंत पांगलेली. त्यामुळे इथल्या बूथवर लांबचेच फोन फार. 1000 किलोमीटरच्या पुढे दिवसा पूर्ण दराने दर 2 सेकंदाला एक पल्स पडायचा, म्हणजे बिलात एक युनिट चढायचं. तीन मिनिटं बोललं की 90 युनिट. संध्याकाळी 7 नंतर अर्धा दर, म्हणजे पल्स 4 सेकंदाला. रात्री 11 नंतर पाव दर, पल्स 8 सेकंदाला. रविवारी दिवसाही अर्धा. रात्री अकराच्या ठोक्याला बूथसमोर रांग लागायची ती यामुळेच.

रीडिंग जास्त आलं की पहिला संशय लाइनचोरीचा. लाइन वाटणाऱ्या डीपी बॉक्सपासून बूथपर्यंत वायर चालत तपासली. मधे कुठे सोललेली नाही, जोड नाही. मग मल्टिमीटर लावला. रिसीव्हर खाली असताना 48 व्होल्टच्या आसपास, उचलल्यावर 9. नंबर फिरवला, पलीकडे रिंग गेली, कुणी तरी उचललं आणि त्याच क्षणी आकड्याआधी वजाचं चिन्ह आलं. रिव्हर्सल, म्हणजे लाइनच्या दोन तारांचे धन-ऋण उलटणं, बरोबर येत होतं, म्हणजे मशीनला 'फोन उचलला' हे वेळेवर कळत होतं. कानपूरचा कोड 0512 टाकून दरांचा तक्ता पाहिला, तोही ठीक. घड्याळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडलं. मिनिटाचाही फरक नव्हता.

इथे मशीनच्या जातीबद्दल सांगायला हवं. एका जातीला एक्स्चेंजच प्रत्येक पल्स 16 किलोहर्ट्‌झच्या सिग्नलने पाठवतं. मशीनने फक्त मोजायचं, चुकायला जागा कमी. दुसरी जात रिव्हर्सलवरची. तिला एक्स्चेंज फक्त 'उचलला' एवढंच सांगतं. बाकी हिशेब ती डायल केलेला कोड, पोटातला तक्ता आणि स्वतःचं घड्याळ यांवरून करते. हे मशीन दुसऱ्या जातीचं होतं.

मी झाकण लावायच्या बेतात होतो, तेवढ्यात एक म्हातारी आली. मुलगा कानपूरला. बूथवाला म्हणाला, "आक्का, लावू का कानपूर?" 

"आज नगं. शनवारी लावू. तुझ्याकडं शनवारी निम्मं लागतंय, आईतवारी डब्बल."

बूथवाला हसला. "उलटं, आक्का. आईतवारी निम्मं."

तिने चंचीतून घडी केलेल्या पावत्या काढून काउंटरवर मांडल्या. तिचा मुलगा शेजारच्या दुकानातल्या फोनवर यायचा, पीपी नंबर. बोलावून आणेपर्यंत लाइन धरली तर पल्स पडत राहणार. म्हणून ती आधी वीस सेकंदांचा फोन करायची, "बोलवून ठेवा", आणि दहा मिनिटांनी दुसरा. म्हणून पावत्या जोडीजोडीने होत्या. फेब्रुवारीतल्या रविवारची मोठी पावती: 3 मिनिटं, 45 युनिट. मार्चच्या पहिल्या रविवारची: 3 मिनिटं, 90. त्यापुढच्या शनिवारची: पुन्हा 45.

त्या 90 वाल्या पावतीवर तारीख होती 04-03-96. रविवार तर 3 तारखेला होता.

मी वेळ ताडली होती, तारीख नाही. मशीन त्या दिवशी 25 तारीख आणि सोमवार दाखवत होतं. बूथवाल्याकडचा जुना कागदाचा रोल उलगडला तर 28-02-96 च्या लगेच पुढे 01-03-96. मशीन 1994 साली बसवलेलं, त्याने पाहिलेला हा पहिलाच 29 फेब्रुवारी, आणि त्याच्या प्रोग्रॅममध्ये तो दिवसच नव्हता! तेव्हापासून ते एक दिवस पुढे पळत होतं, आणि वार तारखेवरूनच काढत असल्याने वारही. शनिवारला रविवार समजून गिऱ्हाइकाकडून अर्धे घ्यायचं, एक्स्चेंज मात्र पूर्ण मोजायचं. रविवारी याच्या उलट.

दोन्ही दिवस सारखेच फोन झाले असते तर चूक आपसांत फिटली असती, कुणाला पत्ताही लागला नसता. पण गावाला कळलं होतं. तीन आठवड्यांत शनिवारी दुपारी गर्दी आणि रविवारी शुकशुकाट. बूथवाल्याने ते पाहिलं होतं. त्याला वाटलं, बाजाराची गर्दी असेल.

दुरुस्ती पाच मिनिटांची. पासवर्ड टाकून तारीख 24 केली, वार रविवार झाला, मशीन एकदा बंद-चालू करून तारीख टिकते का पाहिलं. बॅकअपची बॅटरी नीट होती. झाकणाच्या आत कागद चिकटवला: '29-02-2000 नंतर तारीख हाताने दुरुस्त करणे'. ज्यांच्याकडे रविवारच्या पावत्या असतील त्यांचे जादा पैसे परत द्यायला बूथवाला तयार झाला. शनिवारवाल्यांकडे मागायचे कसे, हा प्रश्न त्याने लगेच सोडून दिला.

आक्काने विचारलं, "म्हंजे आता शनवारी डब्बल?"

"हो. आज निम्मं."

तिने लगेच निरोपाचा फोन लावला, बाकावर दहा मिनिटं बसली आणि मग दुसरा लावला. बोलताना डोळे डिस्प्लेवर. पल्स सुरू झाला की सगळाच मोजला जातो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. 45 चा आकडा आला, तिने "ठेवते रे" म्हटलं आणि 46 पडायच्या आत रिसीव्हर खाली ठेवला.