विमान गेलं, आम्ही राहिलो

त्या रात्री आमचं विमान रद्द झालं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती. त्या दोन दिवसांत पावसामुळे दुबई विमानतळावरची हजारावर उड्डाणं रद्द झाली, आणि आमचं नेमकं उडालं. सात-साडेसात तास उशिरा, पण उडालं. आमच्या 31 जणांपैकी त्यात तिघंच होते.

मी टूर मॅनेजर आहे. पुण्यातल्या एका कंपनीचे ग्रुप घेऊन जाते, त्यात दुबई सगळ्यात जास्त. लोकांना वाटतं हिला फुकटात फिरायला मिळतं, हातात झेंडा धरून पुढे चालायचं की झालं. दुबईच्या ग्रुपला माझी पहिली सूचना कपड्यांबद्दल नसते, अनारशांबद्दल असते. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. अनारसे, खसखस घातलेल्या करंज्या, वड्या, काहीही न्यायचं नाही. दर वेळी एक तरी काकू म्हणतात, ‘अगं, थोडीशीच लावलीय.’ दुसरी सूचना सोन्याची. बाईमाणसाला 40 ग्रॅम सोनं ड्युटीशिवाय आणता येतं हे सगळ्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. ती सवलत परदेशात वर्षभराहून जास्त राहून आलेल्यांना आहे, पाच रात्रींच्या टूरवाल्यांना नाही, हे कुणालाच ऐकायचं नसतं. आणि तिसरं काम कुणाला दिसतच नाही: रूमिंग लिस्ट. एकट्या आलेल्या दोन बायकांना एका खोलीत घालायचं, तर कोण घोरतं आणि कोण पहाटे चारला उठून पूजेची घंटा वाजवतं हे मला निघायच्या आधी फोनवर काढून घ्यावं लागतं. ते मला जमतं. माझ्या ग्रुपमध्ये खोल्या बदलायची वेळ क्वचितच येते.

एप्रिल 2024 चा ग्रुप चांगला होता. पाडवा घरी करून निघालेली मंडळी. डेझर्ट सफारी झाली. कंबरेचं ऑपरेशन झालेल्या दोघांना मी वाळूत उडवून घेण्याऐवजी सरळ रस्त्याने कॅम्पवर पाठवलं होतं. रविवारी अबू धाबीचं नवं मंदिर झालं; फेब्रुवारीतच त्याचं उद्घाटन झालेलं, त्यामुळे सगळ्यांना ते बुर्ज खलिफापेक्षा जास्त महत्त्वाचं. सोमवारी बुर्ज खलिफा. मंगळवारी, 16 तारखेला, सकाळी देऱ्याचा सोनेबाजार आणि रात्री साडेदहाचं मुंबईचं विमान. इतकंच उरलं होतं.

सोमवारी संध्याकाळीच तिथल्या सरकारने जाहीर केलं की उद्या शाळा ऑनलाइन आणि सरकारी कर्मचारी घरून काम करणार. आमच्या मंडळींना हसू आलं. पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यातून कामावर गेलेली माणसं ती. मला हसू आलं नाही, कारण आमचा ड्रायव्हर हसला नव्हता. पेशावरकडचा माणूस, आम्ही त्याला खानभाई म्हणतो. बस धुऊन घेतल्याशिवाय गेस्टना चढू देत नाही असा. तो म्हणाला, ‘मॅडम, कल सोना-वोना भूल जाओ.’

रात्रभर विजा कडाडत होत्या. सकाळी पाऊस वाढला आणि थांबेचना. सोनेबाजार मी रद्द केला, त्यावर दोन तास नाराजी सोसली. दुपारी आभाळ हिरवट झालं. काळं नाही, हिरवट, शेवाळलेल्या हौदासारखं. फोनवर सरकारी इशारे वाजत होते. आमचं हॉटेल बर दुबईत, मीना बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर. खालच्या गल्लीत पाणी चढायला लागलं तसे सगळे लॉबीच्या काचेपाशी जमले.

ग्रुपमध्ये एक निवृत्त अभियंते होते, आयुष्य मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्यांवर काढलेले. सगळे त्यांना साहेब म्हणत. पाच दिवस हा माणूस फारसा बोलला नव्हता. बुर्ज खलिफाच्या 124 व्या मजल्यावरही बाकीचे फोटो काढत असताना ते खाली रस्त्यांचे उतार बघत उभे होते. त्या दिवशी मात्र त्यांनी कोपऱ्यावरची एक पांढरी गाडी हेरली आणि दर दहा मिनिटांनी तिचं चाक बघून सांगू लागले, ‘रिमच्या खाली आहे. रिमला लागलं. रिम गेली.’ मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘ताई, मुंबईचे जुने नाले ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेले. पुढे तो आकडा 50 वर नेला, तरी तुंबतात. इथे अख्ख्या वर्षात शंभरच्या आतच पाऊस. त्यासाठी कोण जलवाहिन्या घालणार? हे पाणी टँकर लावून उपसावं लागेल, दोन-तीन दिवस हलत नाही.’ कुणीतरी मागून म्हणालं, ‘हा सगळा कृत्रिम पाऊस आहे, ढगांत मीठ फवारतात.’ साहेब वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, ‘मीठ फवारून एवढा पडत असता तर मराठवाड्यात टँकर लागले नसते.’

त्यांचं दोन्ही बाबतींत बरोबर निघालं. विमानतळावर सरासरीने वर्षभरात 95 मिलिमीटरच्या आत पडतो, त्या चोवीस तासांत 142 पडला. तिकडे अल ऐनजवळ 254.8 मिलिमीटर, 1949 पासून नोंदी आहेत त्यातला सगळ्यात जास्त. तिथल्या हवामान केंद्राने वादळाच्या वेळी फवारणी केलीच नसल्याचं सांगितलं. जूनमध्ये दुबईने पावसाच्या पाण्यासाठी 30 अब्ज दिरहमची योजना जाहीर केली, 2033 पर्यंत पुरी व्हायची आहे. ती बातमी साहेबांनीच मला पाठवली, खाली एकच शब्द: ‘उशिरा.’

आता मुद्द्याचं. संध्याकाळी सहाला आम्ही विमानतळाकडे निघायचं होतं. साडेतीनला पुण्याहून ऑफिसच्या ऑपरेशन्स विभागाचा फोन आला. ‘ताई, स्टेटस ऑन टाइम दाखवतंय. गेस्टना एअरपोर्टला सोडा.’

बाहेरच्यांना यातली मेख कळणार नाही म्हणून सांगते. ग्रुप विमानतळावर पोचला, काउंटरवर उभा राहिला, आणि मग विमान रद्द झालं तर राहायची-जेवायची सोय बघायची ती एअरलाइनने. ग्रुप हॉटेलातच राहिला आणि विमान गेलं, तर तो नो-शो. तिकिटं बुडाली, हॉटेलच्या वाढीव रात्री कंपनीच्या अंगावर. त्यामुळे ऑफिसच्या हिशोबात माणसं विमानतळाच्या फरशीवर असणं हे हॉटेलच्या गादीवर असण्यापेक्षा स्वस्त पडतं. हे कुणी तोंडाने म्हणत नाही. म्हणतात, ‘प्रोसिजर फॉलो करा.’

खानभाईला विचारलं. तो पाण्यात गुडघ्यापर्यंत पँट दुमडून नाक्यापर्यंत जाऊन आला होता. म्हणाला, ‘गाडी डालूँगा, निकालूँगा कैसे? अंदर बुजुर्ग लोग हैं.’ मेट्रोची काही स्टेशनं बंद पडली होती. एअरलाइनचा फोन लागत नव्हता. ग्रुपमध्ये सगळ्यात मोठे आजोबा 78 वर्षांचे, एक काका इन्सुलिनवर, दोघी गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या.

साहेबांना विचारलं नव्हतं, तरी ते बोलले. 26 जुलै 2005 ला ते ड्युटीवर होते. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला तो दिवस. म्हणाले, ‘त्या दिवशी काही माणसं बंद गाडीत गुदमरून गेली. काचा वर, दारं लॉक. एसी चालू, आतून सुरक्षित वाटत होतं.’

मी ऑफिसला कळवलं की ग्रुप हलवत नाही. लेखी मागितलं त्यांनी, लेखी दिलं.

त्या तिघांनी ऐकलं नाही. नाशिकचं तरुण जोडपं आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी. हट्टी माणसं नव्हती. जोडप्यातल्या बायकोच्या आईचं 18 तारखेला ऑपरेशन होतं. ती मला म्हणाली, ‘ताई, तुम्ही अडवू शकता का आम्हाला?’ नाही अडवू शकत. काही टूर मॅनेजर सगळ्यांचे पासपोर्ट स्वतःकडे ठेवतात, मी ठेवत नाही. मी त्यांना तिकिटाची प्रिंट दिली, मुलीसाठी बिस्किटं आणि पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या, आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असं लिहून घेतलं. ते लिहून घेताना ती माझ्याकडे बघत होती. एरवी तीस दिरहमच्या आत होणाऱ्या अंतराला एका जीपवाल्याने 400 मागितले.

रात्री अकरापर्यंत त्यांचा फोन लागला नाही. माझी त्या रात्रीची अवस्था लिहीत बसत नाही. सव्वाअकराला निरोप आला: जीप अर्ध्यात थांबली, पुढे चालत गेलो, मुलगी खांद्यावर, बॅगा डोक्यावर. टर्मिनलमध्ये उभं राहायला जागा नाही. पहाटे चारला बोर्डिंग. दोन तास विमानात बसून. आणि मग सकाळी मुंबईहून ग्रुपवर फोटो, तिघं टॅक्सीत, मुलगी झोपलेली.

तो फोटो आला तेव्हा आमची मंडळी नाश्त्याला होती. हॉलमध्ये कसं झालं असेल ते सांगायला नको. सगळ्यात जास्त संतापलं नागपूरचं जोडपं, कारण 19 तारखेला नागपूरचं मतदान. ‘तुमच्यामुळे आमचं मत गेलं,’ हे मला चार दिवसांत किती वेळा ऐकावं लागलं! तोवर तिथल्या मोठ्या एअरलाइनने त्या दिवसाचं दुबईतून निघणाऱ्यांचं चेक-इनच बंद केलं होतं, पण ते कुणाला ऐकायचं नव्हतं. एक पीएनआर, त्यातले तिघं गेलेले आणि 28 नो-शो. (एअरलाइनने पुढे तो माफ केला. त्यासाठी मी किती वेळ फोनवर म्युझिक ऐकलं ते विचारू नका.)

हॉटेलने खोल्यांचे दर वाढवले. नेहमीच्या रेस्टॉरंटचा डबा पोचेना. मग मी गल्लीतल्या किराणावाल्याकडून तांदूळ आणि मुगाची डाळ आणली आणि हॉटेलच्या आचाऱ्याला विनवून त्याच्या किचनमध्ये 28 जणांची खिचडी टाकली. त्याने हळद एवढी घातली की पातेलं केशरी भातासारखं दिसत होतं. एका काकूंनी बॅगेतून मेतकुटाची पुडी काढली, दुसरीकडे लोणचं निघालं. मराठी माणूस परदेशात पहिल्या दिवशी पास्ता मागतो आणि चौथ्या दिवशी मेतकूट काढतो.

बुधवारी रामनवमी होती. बाराला नाश्त्याच्या हॉलमध्ये बायकांनी टेबलक्लॉथ बांधून पाळणा केला, फोनवर पाळणागीत लावलं. एकीकडे सुंठ होती, किचनमधून खोबऱ्याचा कीस आणि पिठीसाखर मिळाली. खसखशीशिवाय सुंठवडा. खानभाईसुद्धा हात पुढे करून घेऊन गेला. त्या अर्ध्या तासात कुणी मला विमानाबद्दल विचारलं नाही.

गुरुवारी काकांचं इन्सुलिन संपत आलं. तिथे चिठ्ठीशिवाय मिळत नाही. पाणी ओसरलेल्या रस्त्यांनी वळसा घालत त्यांना क्लिनिकमध्ये नेलं, डॉक्टरांची फी भरली, मग औषधाच्या दुकानात पेन घेतली. माझ्या कार्डावर.

त्याच संध्याकाळी बातमी वाचली. मंगळवारच्या पुरात दुबईत दोन फिलिपिनो बायका आपल्या गाडीतच गुदमरून मेल्या होत्या. मी ती बातमी साहेबांना दाखवली. त्यांनी वाचून फोन परत दिला, काही बोलले नाहीत. मी ती ग्रुपवर टाकली नाही. टाकली असती तर ‘बघा, मी बरोबर होते’ असं दिसलं असतं, आणि मला तसं वाटत नव्हतं. अजूनही नक्की सांगता येत नाही. सगळ्यांना घेऊन निघाले असते तर कदाचित पोचलोही असतो. ते तिघं पोचलेच की! पण ते तिघं तरुण होते, बॅगा डोक्यावर घेऊन चालले. 78 वर्षांच्या आजोबांना मी कुणाच्या खांद्यावर देणार होते? आणि तरीही, आईच्या ऑपरेशनला वेळेत पोचली ती माझं न ऐकलेली मुलगी.

शनिवार-रविवारी आमचे लोक तीन तुकड्यांत निघाले, काही अबू धाबीहून, काही शारजाहून. मी शेवटच्या तुकडीबरोबर.

फीडबॅक फॉर्ममध्ये नागपूरच्यांनी ‘टूर मॅनेजर’ या रकान्यात सगळ्यात खालचा खण भरला. नाशिकच्यांनी सगळ्यात वरचा. साहेबांनी फॉर्म भरलाच नाही. त्या जोडप्याने जीपचे 400 दिरहम कंपनीकडे मागितले आणि कंपनीने महिनाभरात दिले, वर दिलगिरीचं पत्र. मी क्लिनिकचं आणि इन्सुलिनचं बिल लावलं होतं. अकाउंट्सवाला म्हणतो, गेस्टच्या औषधांसाठी आपल्याकडे खर्चाचं हेडच नाही. मागच्या आठवड्यात पुन्हा मेल केला; ‘अंडर प्रोसेस’ असं उत्तर आलंय.