तुळई पुढे, लक्ष मागे

गेल्या उन्हाळ्यात आम्ही घरामागच्या उतारावर २४ बाय ३० फुटांचे लाकडी कोठार उभे केले. त्यातले सर्व खांब आणि निम्म्या तुळया एका लहान, ४० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला पुढून जोडलेल्या लोखंडी बूमने, म्हणजे हूक असलेल्या लांब दांड्याने, उचलल्या. उचलणारे आम्ही दोघेच होतो: ट्रॅक्टरवर मी, आणि तुळईच्या टोकाला बांधलेली दोरी धरून उभे असलेले माझे ७२ वर्षांचे वडील, म्हणजे अण्णा. ते कराडजवळच्या आमच्या गावाहून सहा महिन्यांसाठी येथे आले होते. गावाकडच्या नातेवाइकांना त्या कामाचे फोटो पाठवल्यापासून 'हे एवढे जड लाकूड दोघांनी वर चढवले कसे?' असे प्रश्न येत आहेत. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही अमेरिकेच्या ईशान्येला, व्हरमाँट राज्यातील एका लहान गावाबाहेर राहतो. हिवाळ्यात येथील जमीन चार-पाच फुटांपर्यंत गोठते, म्हणून पाया त्याहून खोल न्यावा लागतो. बांधकामाचा हंगाम मे ते ऑक्टोबर इतकाच असतो आणि त्या काळात मजूर मिळणे फार अवघड असते. गावाकडे वाड्याची तुळई चढवायची असली की एका हाकेवर आठ-दहा माणसे जमत, दोरखंड आणि टेकू येत आणि दुपारपर्यंत तुळई खांबांवर बसलेली असे, असे अण्णा सांगतात. येथेही पूर्वी तीच रीत होती. शेजारपाजारचे सगळे जमून लांब दांड्यांनी कोठाराचा सांगाडा ढकलत उभा करत, आणि जुन्या रीतीने राहणाऱ्या येथील आमिश या ख्रिस्ती समाजात ही पद्धत आजही जिवंत आहे. आमच्या रस्त्यावर मात्र मैलाच्या अंतरात तीनच घरे आहेत, आणि त्यांपैकी दोघांत राहणारी माणसे अण्णांपेक्षाही वयस्क आहेत.

लाकूड जवळच्याच सॉ मिलमधून आणलेले ताजे हेमलॉक (एक सूचिपर्णी झाड) होते. ताजे हेमलॉक घनफुटाला साधारण ५० पौंड, म्हणजे सुमारे २३ किलो भरते. त्या हिशोबाने ८ बाय ८ इंचांचा १० फुटी खांब १०० किलोचा, तेवढ्याच जाडीची १६ फुटी तुळई १६० किलोची, आणि संपूर्ण रुंदी आडवी गाठणारी ८ बाय १० इंचांची २४ फुटी तुळई ३०० किलोची होते. आमच्या लोडरच्या, म्हणजे ट्रॅक्टरला पुढे बसवलेल्या उचलत्या हातांच्या, पुस्तिकेत उचलण्याची क्षमता ८०० किलो छापलेली आहे. ती संख्या पाहून मला वाटले होते की आता काळजीचे कारण उरले नाही. पण हा समज चुकीचा होता, आणि लोडरला बूम जोडणाऱ्या प्रत्येकाने कामाआधी तो दूर करून घ्यावा, असे मला कळकळीने वाटते.

पुस्तिकेतले ८०० किलो हे बकेट जिथे पिनेने जोडलेली असते त्या पिनेपाशी मोजलेले असतात. बूम म्हणजे बकेट काढून त्या जागी बसवायची एक लांब, मजबूत लोखंडी तुळईच, आणि तिचा हूक पिनेच्या कितीतरी पुढे असतो. आमच्या बूमला पिनेपासून दीड मीटरवर एक आणि २.१ मीटरवर टोकाला दुसरा, असे दोन हूक आहेत. लोडरवर जॅकच्या दोन जोड्या असतात. एक जोडी लोडरचे हात वर-खाली करते आणि दुसरी बकेट आत-बाहेर वळवते. बूम लावल्यावर आधी हात टेकते ती ही दुसरी, लहान जोडी. आमच्या लोडरवर ती पिनेपुढे अर्ध्या मीटरवर ९०० किलो तोलू शकते, म्हणजे तिची ताकद किलो गुणिले मीटर या हिशोबाने ४५० इतकी झाली. बूमचे स्वतःचे ९० किलो वजन पिनेपुढे साधारण एक मीटरवर असल्यामुळे त्यातले ९० तिथेच खर्च होतात. उरलेल्या ३६० ला टोकाच्या हुकाच्या २.१ मीटरने भागले की हाती येतात जेमतेम १७० किलो. ८०० चे १७०! जवळच्या हुकावर हाच भागाकार २४० किलोपर्यंत जातो.

हा हिशोब मी कागदावर मांडून गॅरेजच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. त्यावरून ठरले ते असे: १०० किलोचे खांब टोकाच्या हुकाने, १६० किलोच्या तुळया जवळच्या हुकाने, आणि ३०० किलोच्या चार तुळया या ट्रॅक्टरने उचलायच्याच नाहीत. १६० हा आकडा १७० च्या आत बसतो, मग टोकाचाच हूक का वापरायचा नाही, असे अण्णांनी विचारले होते. त्याचे कारण असे की टांगलेले वजन स्थिर नसते. खाली येणारी तुळई लिव्हर सोडून एकदम थांबवली, की त्या क्षणापुरता हुकावरचा भार तिच्या वजनाहून कितीतरी जास्त होतो.

पण जॅकची ताकद ही एक मर्यादा झाली. ती ओलांडली तर लोडर नुसता उचलायला नकार देतो, आणि तेवढ्याने कोणाला इजा होत नाही. खरा धोका मागच्या चाकांत असतो, आणि तो मला पहिल्याच आठवड्यात कळला. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढताना चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके अधांतरी होतात, हे आपल्याकडे कारखान्याच्या रस्त्यावर सर्वांनी पाहिलेले असते. येथे नेमके उलटे घडते. पुढच्या चाकांच्या पुढे तीन मीटरवर वजन लटकले की पुढचा आस तराजूच्या दांडीसारखा मधला टेकू बनतो आणि ट्रॅक्टरचा मागचा भाग हलका होत जातो. त्या दिवशी मी पहिली १६ फुटी तुळई कंबरेइतक्या उंचीवर धरून अगदी हळू उतरत होतो. उजवे पुढचे चाक एका उथळ खड्ड्यात गेले आणि डावे मागचे चाक जमिनीवरून चार बोटे वर उचलले गेले. त्या टायरच्या खाचांतली माती सुटून गवतावर पडली, ती मला आजही दिसते. मी लिव्हर पुढे लोटून तुळई जमिनीवर टेकवली आणि चाक परत खाली बसले. हे सगळे तीन-चार सेकंदांत झाले. अण्णांनी दोरी सोडली नव्हती, पण ते काही बोललेही नाहीत. त्यानंतर दोन दिवस आम्ही एकही लाकूड उचलले नाही.

त्या प्रसंगात दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. एक म्हणजे अशा ट्रॅक्टरचा पुढचा आस मध्यभागी एकाच पिनेवर डोलतो, त्यामुळे खडबडीत जमिनीवर चारही चाके टेकलेली राहतात. पण त्याच कारणाने कडेला कलंडताना पुढच्या चाकांचा फारसा आधार मिळत नाही. ट्रॅक्टर खरे तर दोन मागची चाके आणि ती एक पिन अशा तीन पायांवर उभा असतो. दुसरी गोष्ट ब्रेकची. लहान ट्रॅक्टरवर ब्रेक बहुधा मागच्या चाकांनाच असतात, म्हणून मागची चाके हलकी झाली की उतारावर ब्रेक दाबूनही ती नुसती घसरतात. चारही चाकांची गती जोडलेली ठेवली तर ती पकड पुढच्या चाकांपर्यंत पोहोचते. म्हणून वजन घेऊन उतरायचे असेल तर फोर व्हील ड्राइव्ह चालूच ठेवावे, आणि तुळई गुडघ्याच्या वर नेऊ नये. तिला उंच चढवायचे ते ट्रॅक्टर जागेवर सपाट उभा राहिल्यावरच.

रस्त्यापलीकडचे आमचे शेजारी चाळीस वर्षे दुग्धव्यवसाय करून निवृत्त झाले आहेत. त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी आमच्या ट्रॅक्टरचा मागचा भाग पाहिला आणि 'पुढे उचलायचे असेल तर आधी मागे ठेवायला शीक' एवढेच म्हणाले. मग आम्ही दोन कामे केली. ५५ गॅलनच्या, म्हणजे २०८ लिटरच्या एका प्लॅस्टिक पिंपात मागच्या लिफ्टला जोडता येतील असे लोखंडी दांडे बसवून ते काँक्रीटने भरले. ज्या लिफ्टला आपल्याकडे नांगर किंवा रोटाव्हेटर लावतात, तिला हे पाचशे किलोचे पिंप आता कायम लटकलेले असते. ते मागच्या आसाच्याही मागे असल्यामुळे त्याचा उपयोग वजनापेक्षाही जास्त होतो. दुसरे काम टायरचे. आपल्याकडे मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, तसे येथेही भरतात, पण साधे पाणी जानेवारीत गोठते. काही जण त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात, परंतु ते रिम गंजवते. आम्ही बीटच्या साखर कारखान्यातून निघणारा दाट रस भरून घेतला. तो पाण्यापेक्षा सुमारे ३० टक्के जड असतो, कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही आणि रिमला इजा करत नाही. टायर भरणाऱ्याने नळी काढल्यावर हातावर सांडलेल्या त्या काळसर, चिकट थेंबांचा वास घेऊन अण्णा म्हणाले, "अरे, ही तर मळी!" आमच्या गावापासून चार किलोमीटरवर कारखाना असल्यामुळे तो वास त्यांच्या ओळखीचा होता.

बांधण्याची पद्धतही नीट शिकावी लागली. तुळईला पॉलिएस्टरचे चपटे पट्टे वापरले, कारण साखळी ताज्या लाकडात रुतते. पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीत सरळ, फास टाकून आणि झोळीसारखे बांधल्यास किती वजन चालेल ते वेगवेगळे लिहिलेले असते, आणि फास टाकला की ते कमी होते. एका हुकातून दोन पट्टे दोन बाजूंना जात असतील, तर ते जितके आडवे पडतील तितका त्यांच्यावर ताण वाढतो. जमिनीशी ३० अंशांचा कोन झाला तर प्रत्येक पट्ट्यावर अर्धा नव्हे, तुळईचा पूर्ण भार येतो. म्हणून मी पट्टे लांब घेऊन कोन ६० अंशांच्या खाली येऊ दिला नाही. ट्रकवर माल बांधायच्या पिवळसर साखळ्या येथे सर्वत्र मिळतात, पण त्या माथ्यावर वजन टांगण्यासाठी नसतात. त्यासाठीची साखळी वेगळ्या, वरच्या दर्जाची असते.

प्रत्यक्ष चढवताना सर्वांत नाजूक भाग शेवटच्या दोन इंचांचा असतो. खांबाच्या डोक्यावर चार इंच उंच कुसू, म्हणजे खाचेत बसणारा लाकडाचाच खुंट, कोरलेला आणि तुळईच्या तळाला त्याच मापाची खाच. लोडरचा हूक सरळ वर-खाली जात नाही, कमानीत जातो. त्यामुळे तुळई खाली सोडताना ती पुढेही सरकते आणि तेवढाच ट्रॅक्टर मागे घ्यावा लागतो. मी डाव्या पायाने काही न करता उजव्या पायाने हायड्रोस्टॅटिक पेडल (क्लच-गिअरशिवाय ट्रॅक्टर पुढे-मागे नेणारे) केसभर दाबत असे, तर अण्णा वीस फुटांवरून दोरीने तुळईचे टोक फिरवत असत. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नसल्याने आम्ही खुणा ठरवल्या होत्या: उघडा पंजा खाली म्हणजे सोड, बंद मूठ म्हणजे थांब. मूठ दिसली की कारण विचारायचे नाही.

तिसऱ्या तुळईच्या वेळी मी इंजिन बंद करून ओरडलो, "अण्णा, तुळईखाली येऊ नका, दोरी लांबून धरा."

"मी दोरीलाच आहे रे," ते म्हणाले, "तू आधी तुझं डावं चाक बघ. मगापासून त्या दगडावर चढलंय."

चाक खरोखरच मुठीएवढ्या दगडावर होते. आम्ही तुळई खाली घेतली, दगड काढला, आणि पुन्हा सुरुवात केली. त्यानंतर प्रत्येक तुळईआधी अण्णा स्वतः पहार घेऊन ट्रॅक्टरची वाट चालून पाहत असत.

सीटमागच्या लोखंडी कमानीबद्दलही सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरवर ती दिसत नाही. ट्रॅक्टर उलटला तर चालक त्याखाली चिरडू नये म्हणून ती असते. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरना ती सक्तीची केली, आणि अमेरिकेत १९८५ च्या सुमारास उत्पादकांनी आपणहून जवळजवळ सर्व नव्या ट्रॅक्टरवर द्यायला सुरुवात केली. पण सीटबेल्ट लावलेला असेल तरच ती वाचवते. नाहीतर माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच कमानीखाली सापडतो. शिवाय ती मागे असल्यामुळे पुढून येणाऱ्या वजनापासून ती चालकाचा काहीच बचाव करत नाही. म्हणून तुळई कधीही ट्रॅक्टरच्या नाकावर मागे झुकेल इतकी वर ओढू नये. गावाकडे ज्यांच्या ट्रॅक्टरला पुढे लोडर आहे आणि जे त्याला पाइप वेल्ड करून विहिरीतली मोटर किंवा सिमेंटचे खांब उचलतात, त्यांनी हे मनावर घ्यावे, अशी माझी खरोखर विनंती आहे.

आठ खांब आणि चार १६ फुटी तुळया आम्ही नऊ दिवसांत चढवल्या. ३०० किलोच्या चार तुळया शेवटपर्यंत गवतावर पडून होत्या. त्यांच्यासाठी शेजाऱ्यांचे चिरंजीव त्यांचे मोठे टेलिहँडलर (लांब होणाऱ्या हाताचे उचलयंत्र) घेऊन एका शनिवारी सकाळी आले आणि दोन तासांत चारही तुळया जागेवर बसल्या. अण्णांनी दोरी त्या दिवशीही कोणाला दिली नाही. शेवटची तुळई कुसवांवर बसल्यावर त्यांनी ओकच्या खुंट्या स्वतः ठोकल्या, दोरखंडाचे वेटोळे करून ते नव्या खांबाला अडकवले आणि शेजाऱ्यांना चहासाठी आत बोलावले.