छोटा पिकअप, मागे ट्रेलर आणि दांडीवरचे वजन

बैलगाडीत मागच्या बाजूला भार जास्त झाला की जू वर उचलले जाते, आणि त्याला गाडी उलाळणे असे म्हणतात. माझा ट्रेलर उलाळलेला आहे हे मला मात्र रस्त्यावर निघाल्यानंतर कळले. एकाच आसाचा उघडा ट्रेलर होता. त्यात बागेसाठी घेतलेली माती आणि फरशीचे उरलेले तुकडे होते, आणि उतरवताना सोयीचे जावे म्हणून सर्वांत जड तुकडे मी स्वतःच मागच्या फळीजवळ रचलेले होते. ताशी ६० किलोमीटरपर्यंत काहीच जाणवले नाही. पुढे सौम्य उतार लागला, वेग ८०च्या जवळ गेला आणि आरशात ट्रेलरचे मागचे टोक डावीकडे सरकलेले दिसले. लगेच ते उजवीकडे गेले आणि प्रत्येक झोक्यासरशी पिकअपचा मागचा भागही ओढला जाऊ लागला. मी घाबरून ब्रेक दाबला, तसे झोके वाढले. मग दोन्ही पेडलांवरून पाय काढला आणि स्टिअरिंग फक्त सरळ धरून ठेवले, तेव्हा कुठे वेग ५०च्या खाली येऊन ट्रेलर निमूटपणे मागे चालू लागला. रस्ता रिकामा होता म्हणून निभावले.

त्या दिवशी माझ्या पिकअपच्या इंजिनात कमतरता नव्हती. आपण ट्रेलरचा विचार करताना बहुधा ‘गाडी ओढेल का’ एवढाच प्रश्न विचारतो. पण ओढणे हे या कामातले सर्वांत सोपे अंग आहे. मागचे वजन सरळ रेषेत राहील का आणि हव्या त्या ठिकाणी थांबेल का, हे दोन प्रश्न त्याहून अवघड आहेत, आणि त्यांची बरीचशी उत्तरे गाडी उभी असतानाच, भार रचताना ठरून जातात.

झोके का वाढतात हे समजून घेतले की पुढचे बरेच नियम पाठ करावे लागत नाहीत. ट्रेलर एका बिंदूवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या (हिचच्या) गोळ्यावर, बॉलवर, जोडलेला असतो आणि त्याभोवती तो लंबकासारखा फिरू शकतो. भाराचा गुरुत्वमध्य आसाच्या पुरेसा पुढे असेल, तर वाऱ्याच्या झोताने किंवा खड्ड्याने बाजूला गेलेला ट्रेलर आपसूक सरळ रेषेत परततो. तो आसाच्या अगदी जवळ किंवा मागे गेला, तर छोटासा धक्काही विरण्याऐवजी वाढू लागतो, आणि वेग जितका अधिक तितका तो लवकर वाढतो. अशा वेळी गाडीचा ब्रेक जोरात दाबला की पुढची गाडी मंदावते, ट्रेलर मात्र मागून ढकलतच राहतो. स्टिअरिंग फिरवून झोके आवरण्याचा प्रयत्नही उलटा पडतो, कारण माणसाची प्रतिक्रिया क्षणभर उशिरा येते आणि तोवर झोका दिशा बदललेला असतो. ज्यांच्या ट्रेलरला स्वतंत्र विद्युत ब्रेक आहेत आणि ते चालकाजवळच्या नियंत्रकाने हाताने लावता येतात, त्यांनी फक्त ट्रेलरचे ब्रेक हळुवार लावावेत. त्यामुळे ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो. इतरांनी अॅक्सिलरेटर सोडावा आणि धीर धरावा.

यावरून दांडीवरच्या वजनाचा नियम येतो. ट्रेलरच्या भारासह एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भाग जोडणीच्या दांडीवर, म्हणजेच बॉलवर, पडावा अशी उत्तर अमेरिकेतील प्रचलित शिफारस आहे. युरोपीय पद्धतीत हे प्रमाण कमी धरले जाते आणि हिचच्या पट्टीवर किलोग्रॅममध्ये लिहिलेली मर्यादा पाळावी लागते. साधारणपणे ६० टक्के भार आसाच्या पुढे आणि ४० टक्के मागे रचला की आपण योग्य जागेच्या आसपास पोहोचतो, पण अंदाजावर थांबू नये. मी नंतर तोच भार तशाच रीतीने रचून मोजला, तेव्हा साधारण ९०० किलोच्या ट्रेलरचे दांडीवर जेमतेम ३० किलो वजन भरले. माझ्या त्या प्रसंगाचे सगळे स्पष्टीकरण त्या एका आकड्यात होते.

हे वजन घरच्या वजनकाट्यावरही मोजता येते. काटा शंभर-सव्वाशे किलोपर्यंतचाच असल्याने दांडी थेट त्यावर टेकवू नये. एक भक्कम तुळई घ्यावी, तिचे एक टोक विटेवर आणि दुसरे काट्यावर टेकवावे. दोन्ही आधारांमधील अंतराचे तीन समान भाग कल्पून विटेपासून पहिला भाग संपतो तेथे दांडी टेकवावी. काट्यावर खऱ्या वजनाचा एक तृतीयांश दिसतो, म्हणून तुळईमुळे आधीच दाखवलेला आकडा वजा करून उरलेल्याला तिनाने गुणावे. या वेळी ट्रेलर सपाट जागेवर असावा, त्याच्या चाकांना ठोकळे लावलेले असावेत आणि दांडीची उंची प्रत्यक्ष जोडल्यावर असते तेवढीच असावी. संपूर्ण ट्रेलरचे वजन पाहायचे असेल तर वाहनांच्या वजनकाट्याला पर्याय नाही.

दांडीवर वजन जास्त झाले तरी चालेल, असा मात्र याचा अर्थ नव्हे, आणि छोट्या पिकअपच्या बाबतीत तर मुळीच नव्हे. बॉल मागच्या आसाच्याही मागे असतो, त्यामुळे तेथे पडणारे वजन तरफेसारखे काम करते. दोन आसांमध्ये ३ मीटर अंतर आहे आणि बॉल मागच्या आसापासून १.२ मीटर मागे आहे असे धरले, तर दांडीवरचे १२० किलो मागच्या आसावर १६८ किलो होऊन उतरतात आणि पुढचा आस ४८ किलोंनी हलका होतो. पुढची चाके गाडी वळवतात आणि थांबवण्याचे बहुतेक कामही तीच करतात. गाडी मागून बसलेली आणि दिवे आकाशाकडे पाहत असलेले दिसले की समजावे, पुढच्या चाकांची रस्त्यावरची पकड कमी झाली आहे.

शिवाय दांडीवरचे वजन पिकअपच्या स्वतःच्या भारक्षमतेतूनच वजा होते, आणि हा हिशेब सर्वाधिक वेळा चुकतो. ६५० किलो क्षमतेच्या गाडीत चार प्रौढ माणसांचे ३०० किलो, मागच्या हौद्यातील अवजारांचे १५० किलो आणि दांडीवरचे १५० किलो मिळून ६०० किलो होतात; ट्रेलर ‘मर्यादेत’ असूनही गाडी जवळजवळ भरलेली असते. जाहिरातीतला ओढण्याचा आकडा हा सर्व अटी अनुकूल असतानाचा कमाल आकडा असतो. ओढक्षमता ठरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एसएई जे२८०७’ या मानकात गाडीत चालक आणि एकच सहप्रवासी, प्रत्येकी सुमारे ६८ किलोंचे, गृहीत धरलेले आहेत. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही फरक असतो. फोर्ड मॅव्हरिक या छोट्या पिकअपच्या २०२२ सालच्या आवृत्तीची ओढक्षमता मुळात २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०० किलो होती आणि टोइंगच्या वेगळ्या पॅकेजसह ती दुप्पट होत असे. म्हणून दाराच्या चौकटीवरची पट्टी आणि आपल्याच गाडीचे माहितीपुस्तक वाचावे. शेजाऱ्याची तशीच दिसणारी गाडी काय ओढते, हे प्रमाण धरू नये.

ट्रेलर डोळ्यांना फसवतो, कारण आपण तो किती भरला हे पाहतो, किती जड झाला हे पाहत नाही. २.४ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद ट्रेलर ४० सेंटीमीटर उंचीपर्यंत ओल्या वाळूने भरला, तर ती वाळू दोन टनांहून अधिक भरते. ज्या ट्रेलरला एक टन भार सोसतो, त्यात ओली वाळू वीतभर उंचीलाही पोहोचता कामा नये. अर्धा रिकामा दिसणारा ट्रेलर घेऊन निघताना माणसाला चुटपुट लागते खरी, पण ती सोसावी.

जोडणीविषयी थोडक्यात सांगतो. बॉलचे आकार वेगवेगळे असतात. युरोपात ५० मिलिमीटर, तर अमेरिकेत १ पूर्णांक ७/८ इंच, २ इंच आणि २ पूर्णांक ५/१६ इंच हे प्रचलित आहेत. लहान बॉलवर मोठा कपलर, म्हणजे दांडीच्या टोकाची बॉलवर बसणारी वाटी, बसल्यासारखा वाटतो, खटकाही लागतो, आणि पहिल्या मोठ्या गतिरोधकावर तो निसटतो. म्हणून खटका लावल्यावर दांडीचा जॅक फिरवून कपलर वर उचलून पाहावा. गाडीचा मागचा भाग त्याबरोबर वर आला तरच जोडणी पक्की समजावी. सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेदून लावाव्यात, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी त्या झोळीत अडकते. ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार असेल, तर ती साखळीला न अडकवता थेट गाडीला अडकवावी. दिवे मंद किंवा विचित्र लागत असतील, तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंगची तार पाहावी. बहुतेक वेळा दोष तेथेच सापडतो.

थांबण्याच्या बाबतीत पिकअपचे ब्रेक पिकअपसाठी बनवलेले असतात. १,८०० किलोंच्या गाडीमागे १,२०० किलोंचा ट्रेलर जोडला की त्याच वेगाला जिरवावी लागणारी ऊर्जा दोन तृतीयांशांनी वाढते, आणि वेग ८०वरून १०० केला की ती आणखी सुमारे ५६ टक्क्यांनी वाढते. युरोपात स्वतःचे ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ७५० किलोंची मर्यादा आहे, ती याच कारणाने. लांब उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नये. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्यावा आणि ब्रेक अधूनमधून, पण ठामपणे लावून सोडावा, म्हणजे ते तापून निकामी होत नाहीत. वळताना ट्रेलरची चाके गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून वळण थोडे पुढे जाऊन घ्यावे.

ट्रेलरचे टायर वापराने झिजण्याआधी उभे राहून म्हातारे होतात. नक्षी नवी दिसत असली तरी बाजूच्या भिंतीवर भेगा असतील तर ते बदलावेत. कमी हवा हा त्यांचा मोठा शत्रू आहे, त्यामुळे निघण्याआधी टायर थंड असताना हवा मोजावी. पहिल्या तीसेक किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ हात नेऊन पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे. एक चाक इतरांपेक्षा बरेच गरम असेल, तर बेअरिंगला ग्रीस कमी पडले आहे किंवा ब्रेक चिकटला आहे. त्याच थांब्यावर भार बांधलेले पट्टेही पुन्हा ताणतो, कारण भार हलून बसला की ते हमखास सैल पडतात.

मागे घेण्याचे कसब रिकाम्या मैदानातच शिकावे. स्टिअरिंगच्या खालच्या कडेला हात धरून तो ज्या बाजूला नेऊ, त्याच बाजूला ट्रेलरचे मागचे टोक जाते. आखूड ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा झटकन दुमडतो, हे कळायला मला एक मागचा दिवा गमवावा लागला.

आता मातीची खेप आणायची असते तेव्हा जड वस्तू आसाच्या किंचित पुढे जातात, हलक्या मागे जातात, आणि उतरवताना चार पावले जास्त चालावे लागते. घरी पोहोचल्यावर खटका सोडण्याआधी चाकांना ठोकळे लावतो, कारण ट्रेलरला गाडीचा हँडब्रेक उपयोगाचा नसतो आणि कपलर सुटला की तो उताराच्या दिशेने निघतो.