गढूळ पिशवी आणि काढावी लागलेली नळी

पोटाच्या डायलिसिसवर मी चार वर्षांहून अधिक काळ होतो. दिवसातून चार वेळा पोटात बसवलेल्या नळीतून द्रव आत सोडायचा, काही तासांनी तो बाहेर घ्यायचा आणि निघालेल्या पिशवीमागे छापील कागद धरून अक्षरे वाचता येतात का ते पाहायचे, हा माझा नेम होता. एका सकाळी अक्षरे दिसेनाशी झाली. पोटात दुखत होते, ताप मात्र नव्हता.

तीच पिशवी घेऊन मी रुग्णालयात गेलो. द्रवाच्या एका मायक्रोलिटरमध्ये 100 हून अधिक पांढऱ्या पेशी आढळल्या, म्हणजे पोटाच्या आवरणाला संसर्ग झाला होता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गेल्या काही महिन्यांत घेतलेल्या अँटिबायोटिक औषधांविषयी. महिन्यापूर्वीच मला जिवाणूंचा संसर्ग झाला होता आणि त्यासाठी तीन आठवडे औषध चालू होते. दोन दिवसांनी कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, कॅन्डिडा ही बुरशी वाढल्याचे कळले आणि त्या प्रश्नाचा अर्थ लागला. ही बुरशी एरवीही आपल्या आतड्यांत आणि त्वचेवर असते, पण तिला आवर घालणारे जिवाणू अँटिबायोटिकने मरतात. त्यातच मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या संरक्षक पेशी दुबळ्या झालेल्या असतात आणि डायलिसिसच्या द्रवातून रोज प्रथिनेही वाहून जातात. अशा रुग्णाला अँटिबायोटिकच्या काळात निस्टॅटिन किंवा फ्लुकोनॅझोलसारखे बुरशीरोधक औषध सोबत देण्याची पद्धत आहे. मला ते दिले गेले नव्हते, आणि त्याची खंत अजून मनातून जात नाही.

नळी ताबडतोब काढावी लागेल, असे डॉक्टर म्हणाले. मी चार दिवस थांबण्याची विनंती केली, कारण त्या नळीमुळेच मला घरी राहून उपचार घेता येत होते. त्यांनी शांतपणे समजावले की कॅन्डिडा नळीच्या पृष्ठभागावर चिकट थर धरते, त्या थरात औषध पुरेसे पोहोचत नाही आणि उशीर झाला तर पोटाच्या आवरणाची कायमची हानी होण्याबरोबरच जिवालाही धोका असतो. दुसऱ्याच दिवशी नळी निघाली.

त्यानंतर मानेतल्या शिरेत तात्पुरती नळी बसवून रक्ताचे डायलिसिस सुरू झाले. फ्लुकोनॅझोल नळी काढल्यानंतरही किमान दोन आठवडे घ्यायचे होते, आणि यंत्र ते रक्तातून बरेचसे काढून टाकत असल्यामुळे डायलिसिसच्या दिवशी डायलिसिस संपल्यावरच. एकदा परिचारिकेने ते आधी देऊ केले तेव्हा मी नम्रपणे थांबवले. मानेतली नळी हीसुद्धा बुरशीला थेट रक्तात शिरायला वाट देते, म्हणून डायलिसिस चालू असताना थंडी वाजली तरी लगेच सांगायचे आणि रक्ताचे कल्चर करून घ्यायचे, हे मी तिथेच शिकलो. स्वतःचीच धमनी आणि शीर एकमेकींना जोडून केलेल्या फिस्टुलात हा धोका पुष्कळ कमी असतो, म्हणून हातावर ती शस्त्रक्रिया लवकर करून घेतली, पण ती शीर सुई टोचण्याजोगी होईपर्यंत वाट पाहावी लागली. तो काळ मला सर्वांत लांब वाटला. नळीभोवतीची पट्टी ओली होऊ नये म्हणून मी मान धुणेही टाळत असे.

फिस्टुलातून सलग काही डायलिसिस नीट झाल्यावर मानेतली नळी काढली. आता कोणत्याही कारणाने अँटिबायोटिक लिहून मिळाले, तर ती चिठ्ठी मी पहिली गोळी घेण्याआधी मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवतो.