बाद झालेल्या मुलांचे काय?

मुलांचा खेळ कसा चालला आहे हे जोखायचे असेल, तेव्हा मी ज्याच्याकडे चेंडू सर्वांत कमी वेळा येतो त्या मुलाकडे पाहतो. अर्धा तास धावूनही त्याचा पाय चेंडूला जेमतेम दोनदा लागला असेल, तर गुणफलक काहीही सांगो, त्या खेळाची आखणीच चुकली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

साधी पकडापकडी घ्या. जो पकडला गेला तो बाद, हा नियम आपण फारसा विचार न करता लावतो. पण सर्वांत आधी बाद कोण होते? ज्याला धावण्याच्या सरावाची सर्वाधिक गरज आहे, तेच मूल. चपळ मुले शेवटपर्यंत धावून आणखी चपळ होतात आणि संथ मूल कडेला बसून इतरांचा खेळ पाहत राहते. त्याऐवजी पकडलेल्या मुलाने जागच्या जागी दहा उड्या मारून पुन्हा खेळात यावे, किंवा एखाद्या भिडूने टाळी देऊन त्याला सोडवावे, एवढा बदल केला तरी कोणी बाद होत नाही आणि चुरस तसूभरही कमी होत नाही. दोन कर्णधारांनी आळीपाळीने भिडू निवडण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी, कारण शेवटी उरलेल्या मुलाला तेथे सर्वांदेखत आपली किंमत कळते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल करावी, आणि ही शिफारस अपंगत्व असलेल्या मुलांसाठीही आहे. प्रत्यक्षात मात्र अशा मुलाच्या हाती बहुधा गुण लिहिण्याची वही दिली जाते आणि त्यालाच सहभाग म्हटले जाते. मूल बदलता येत नसेल, तर खेळ बदलता येतो: हद्द लहान करावी, चेंडू मोठा, मऊ किंवा आवाज करणारा घ्यावा, एका वेळी खेळणाऱ्यांची संख्या कमी करावी. गोलबॉल हा खेळ १९४६ मध्ये, युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी निर्माण झाला. त्यात चेंडूत घंटा असतात, प्रत्येक बाजूला तीन खेळाडू असतात आणि सर्वांच्याच डोळ्यांवर पट्टी असते, त्यामुळे कोणाला किती दिसते हा प्रश्नच उरत नाही. डोळस मुलांनाही तो खेळायला द्यावा. चेंडूच्या आवाजाकडे कान लावून जमिनीवर झेप घेण्यात किती कस लागतो, हे त्यांना पहिल्याच डावात उमगते.

वयाचा मुद्दाही असाच दुर्लक्षित राहतो. एकाच वयोगटात वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी जन्मलेल्या मुलांत जवळजवळ वर्षाचे अंतर असते, आणि अनेक खेळांच्या निवडींत आधी जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त आढळते. आज जे कौशल्य भासते, ते पुष्कळदा केवळ आधी वाढलेले शरीर असते. म्हणूनच लहान वयात निवडीची घाई करू नये. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने १९८७ मध्येच मुलांच्या खेळासाठी स्वतंत्र नियम केले, आणि मुले अकरा वर्षांची होईपर्यंत निकालांच्या याद्या व क्रमवारी टाळण्याचे धोरण तेथे पाळले जाते. हे धोरण मला अतिशय शहाणपणाचे वाटते.

मुलींच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. ११ ते १७ वयोगटातील पुरेशी हालचाल न करणाऱ्यांचे जागतिक प्रमाण २०१६ मध्ये मुलांत ७८ टक्के होते, तर मुलींत ८५ टक्के. वयात येताना अनेक मुली खेळ सोडतात, आणि त्यामागे नावडीपेक्षा संकोच असू शकतो: कपडे बदलण्याच्या खोलीला कडी नसणे, बाजूला उभे राहून शेरे मारणारे प्रेक्षक, पाळीच्या दिवसांत पांढऱ्या गणवेशाची धास्ती. विम्बल्डनसारख्या कर्मठ स्पर्धेनेही २०२३ पासून महिला खेळाडूंना स्कर्टखाली गडद रंगाची चड्डी घालण्याची मुभा दिली. शाळेच्या किंवा क्लबच्या संघाला एवढी सवलत द्यायला कोणत्याही समितीची वाट पाहण्याचे कारण नाही; गणवेश ठरवण्यापूर्वी मुलींना विचारावे आणि त्या सांगतील तो रंग घ्यावा.